भिंतीपलीकडे, दहा ते चार

पूर्णा स्टेशनात पाटी लागली:
रविवारी डेपो सर्वांसाठी खुला, दहा ते चार.
मी ब्लाउजची सहा गिऱ्हाइकं सोमवारवर ढकलली
आणि गेले.

बावीस वर्षं भिंतीला टेकून माझं मशीन.
अलीकडे पायडल, पलीकडे रेल्वे.
डोळ्यांनी कधी काही पाहिलं नाही,
कान मात्र तिथले जुने कामगार,
हजेरीपटावर नाव नसलेले.

गेटवर पिवळी टोपी दिली, कानांवर उतरणारी.
पोरं एकमेकांच्या डोक्यावर टकटक करून बघत होती.
वेंकटस्वामी साहेब तेलुगूच्या चालीत मराठी बोलत
पुढे पुढे, "लाइन ओलांडू नका, लाइन ओलांडू नका,"
आणि स्वतःच ओलांडत.

मी आवाज ओळखायला आले होते.
रात्री सुस्कारा सोडते ती मला म्हैस वाटायची,
तो निघाला ब्रेकमधला दाब.
आणि भांडी घासल्यासारखं खरखरतं ते चाक;
लेथवर चढवून सोलतात त्याला,
लोखंडाची साल वेटोळी होऊन पडते खाली
माझ्या कातरीखालच्या पट्टीसारखी.
एक उचलली. गरम होती. टाकली.

मग खड्ड्यात उतरलो, डोक्यावर अख्खा डबा.
शिवण उलटून बघावी तशी गाडी:
पाइप, पिना, ग्रीस, कुठं तारेचा टाका.
उलटी बाजू साफ असेल तरच कारागीर खरा,
हे मला कुणी सांगावं?

"एक आवाज राहिला," मी म्हणाले.
"पहाटे तीनच्या सुमाराला. टण, टण, टण.
हलका. मग काहीच नाही."
साहेबांनी रजिस्टर चाळलं. "तीनला टेस्टिंग नाही. चहा असतो."
"भूत असंल काकू," एक फिटर म्हणाला,
"मीटरगेजच्या वेळचं हाय आमच्याकडं एक."
सगळे हसले.

एक पोरगी हसली नाही.
बिल्ल्यावर विशाखा गजभारे, टेक्निशियन,
लांब दांड्याची हातोडी काखेत, छत्रीसारखी.
गर्दी पुढे सरकू दिली तिनं.
"मीच ती. चेकिंग दोनलाच झालेलं असतंय.
पण शेवटच्या डब्याचं एक चाक परत वाजवते.
चिरलेलं चाक ठप्प बोलतंय, चांगलं गातंय.
चांगलं ऐकलं की बरं वाटतं, झोप बी जाती.
साहेबाला नका सांगू.
तुम्ही कामून जाग्या असता तव्हा?"

"काजं करते. हातानं.
मशीन लावलं की सासू उठते."
"आन् रेल्वेनं?"
"रेल्वेनं नाही उठत."

तिनं हातोडी माझ्या हातात दिली.
वाजवलं मी.
तो माझा आवाज नव्हता. फार मोठा, उघडा.
मधे भिंत नव्हती ना.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही.
माझ्या वर कुणीतरी: अतिशय स्तुत्य उपक्रम.
त्याखाली तिघांनी: वरीलप्रमाणे.
मी लिहिलं, भोंगा दोन मिनिटं उशिरा वाजतो.
सही केली. पत्ता: भिंतीपलीकडे.

रात्री अडीचपासून सुई धरून बसले.
तीन झाले. सव्वातीन.
दिवसभर उभी राहिलेल्या पोरीला
रात्री कोण बोलावील, हे तेव्हा लक्षात आलं.
तोवर पाच काजं झाली होती, एक वाकडं.

मग कातर घेतली
आणि मशीनच्या लोखंडी पायावर,
हळूच, भिंतीकडच्या बाजूनं,
तीनदा.

सासू उठली.