दोन विसा आणि तेरा

लामारा रोज सकाळी खिडकीपाशी बसून रात्री मोजते.
आज म्हणाली, दोन विसा आणि तेरा.
या भाषेत त्रेपन्नला असंच म्हणतात.
हर्णैच्या बाजारात भागीरथी आत्या
सुके बोंबील असेच विसांनी मोजायची,
आणि गिऱ्हाईक भांडायला लागलं
की पुन्हा पहिल्यापासून.
लामाराला पहिल्यापासून मोजायचं नाहीये.

मी तिबिलिसीत आले ती क्रियापदं शिकायला.
वर्षभराची परवानगी, जांभळा शिक्का,
खाली बारीक अक्षरात लिहिलंय
की पाहुण्याने घरच्या भांडणात बोलू नये.
म्हणजे तसं नाही लिहिलेलं. अर्थ तोच.
आई फोनवर तेच सांगते, जरा मोठ्याने.
मी म्हणते, अगं, आमची गल्ली शांत आहे,
आणि तेवढ्यात मागे काहीतरी फुटतं.
फटाके, मी म्हणते.
ते फटाकेच असतात,
फक्त कुणीतरी आडवे धरलेले.

त्सीराबाई वर्गात आल्या, केसांना धुराचा वास,
पोहण्याचा चष्मा कपाळावर तसाच राहिलेला.
कुणी हसलं नाही.
फळ्यावर लिहिलं: मी जातो. मी गेलो.
मी गेलो असतो.
तिथे खडू थोडा थांबला.
त्यांचा मुलगा सोमवारपासून कुठल्या कोठडीत आहे
हे त्यांना गुरुवारी कळलं,
आम्हाला शुक्रवारी, दुसऱ्याच कुणाकडून.
वह्या मात्र तपासून आणल्या होत्या.
माझ्या वहीत तीन चुका. तिन्ही काळाच्या.

रात्री दोनला लामाराचा नातू आला,
वाखो, डोळे मिटलेले, भिंत चाचपत.
बेसिनपाशी त्याची मान धरून मी पाणी ओतलं,
उजवा डोळा, डावा, परत उजवा.
तो शिव्या देत होता आणि मला सगळ्या समजत होत्या.
चार महिन्यांत पहिल्यांदाच
कुणाचं तरी अख्खं बोलणं न अडखळता समजलं.
त्याच्या जॅकेटवरचं जे होतं ते माझ्याही डोळ्यांत गेलं.
पाणी वाहत होतं हे खरं,
पण ते माझं रडणं नव्हतं.
किंवा असेल. फॉर्मवर तसा रकाना नाही.
लामाराने दोघांना ओलं फडकं दिलं
आणि मला म्हणाली, तुझी परीक्षा ना उद्या? झोप.

सकाळी ओतारच्या भट्टीवर रांग.
इथे पावाला पुरी म्हणतात,
होडीसारखी लांब, दोन्ही टोकांना करपलेली.
पहिल्या आठवड्यात मी हसायचे,
आता नुसती भूक लागते.
रांगेत येणारा प्रत्येक जण म्हणतो, गमार्जोबा.
पुस्तकात अर्थ दिलाय, नमस्कार.
त्सीराबाई म्हणाल्या होत्या, सोलून बघा, आत विजय आहे.
आणि उत्तर द्यायचं, गागिमार्जोस, तुझाही होवो.
रात्रभर जागलेली, खोकणारी माणसं
एकमेकांना विजय देतात
आणि सुट्टे पैसे शोधतात.
शब्द इतका हाताळलेला, की कुणाला ऐकूही येत नाही.

मेट्रोच्या तोंडाशी शिपायाने अडवलं. पासपोर्ट.
माझ्याच वयाचा असेल,
हनुवटीवर भाजल्याचा ताजा डाग.
घाबरले की मी आधी नमस्कार करते, लहानपणची खोड.
गमार्जोबा, म्हटलं.
त्याने पानं उलटली, फोटो पाहिला, मला पाहिलं,
आणि पासपोर्ट परत करताना
झोपेत कूस बदलावी तसा म्हणाला,
गागिमार्जोस.

पेपर बरा गेला.
वाखोला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं.
लामाराला सांगितलं. ती अक्रोड फोडत होती.
खूप वेळाने म्हणाली, भाजलंय म्हणतेस, मलम लावलं होतं का?
मी म्हटलं, बघितलं नाही.
बघायचं असतं, ती म्हणाली,
आणि हात पुसून वाखोचा चष्मा
पदरासारख्या त्या जुन्या शालीने पुसायला लागली.
बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.
दोन विसा आणि चौदा.