मागचे चिमटे

होमा बे गावात, बाजाराच्या उतारावर,
जिथून सरोवर अर्धंच दिसतं
पण वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा वास पुरता येतो,
माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पासपोर्ट फोटोही निघतात.
भिंतीवर निळी चादर, समोर स्टूल,
खिळ्याला एक काळा कोट.

कोट माझ्या नवऱ्याचा. सरकीच्या गिरणीत कारकून होता,
अंगानं दांडगा. आधी गिरणी गेली, मग तो गेला,
कोट तेवढा नोकरीत राहिला.

निकाल लागला की पोरं येतात.
अर्जावर फोटो हवा, फोटोत कोट हवा,
आणि अख्ख्या उतारावर कोट हा एकच.
शिक्षक होणारे, पोलीस होणारे, 'बघू काहीतरी' होणारे,
सगळे याच बाह्यांतून आत शिरले.
मोठा होतो प्रत्येकालाच.
मी पाठीमागे जाते, जास्तीचं कापड मुठीत धरते,
कपड्यांचे चार चिमटे लावते.
समोरून साहेब. मागून दोरीवर घातलेलं धुणं.
"हलू नकोस," मी सांगते. "श्वास घे, पण बेतानं."

मुख्याध्यापक ओकुम्बा निरोपाच्या भाषणात सांगतात:
जिद्द, शिस्त, स्वप्न.
खोटं आहे असं नाही म्हणत मी.
पण माझ्या काउंटरवर स्वप्न कधी जिद्दीशी अडलं नाही.
अडलं ते जन्मदाखल्यातल्या एका काना-मात्रेशी,
किसुमूच्या गाडीभाड्याशी,
मुलाखत तीन दिवसांवर असताना तोंड वासलेल्या बुटाशी,
आणि 'ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे' या रकान्याशी.
तिथे पेन थांबतं.
पोर माझ्याकडे बघतं.
लिही, म्हणते मी: पेरेझ अडोंगो, व्यावसायिक.
आजवर चाळीसेक अर्जांत मी प्रतिष्ठित आहे.

ओबुंगा काठावर पास झाला.
फोटो काढला, पैसे दिले, पण गेला नाही.
मशीन त्या दिवशी कागद चावत होतं.
"मामा, आत ते काय फिरतं?"
बारा वर्षांत वर्गात त्यानं विचारलेला
एकही प्रश्न कुणाला आठवत नाही.
मी झाकण उघडलं.
संध्याकाळी त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते
आणि तोंडावर जे होतं
ते मला अजून कुठल्या फोटोत धरता आलेलं नाही.
आता रोज येतो. याला यश म्हणायचं का?
त्याच्या आईला विचारलं तर म्हणते, अजून नाही.
मशीनला विचारलं तर हो.

अचोलाचं प्रमाणपत्र शाळेनं अडवलं, फी बाकी म्हणून.
गुण हिचे, कागद त्यांचा.
नर्सिंगचा अर्ज शुक्रवारी बंद होणार.
तीनदा गेली, तीनदा बाकावर बसून परत आली.
चौथ्यांदा मी दुकानाला कुलूप घातलं.
बोलले काहीच नाही. नुसती शेजारी बसले,
मांडीवर पर्स, जाडजूड बाई, उठायचं नाव नाही.
साडेतीनला कागद मिळाला. बाकीचे हप्ते ठरले.
बाहेर आल्यावर तिनं फक्त विचारलं,
"कोट आहे ना मोकळा?"

सगळ्यांबरोबर नाही गेले मी, हेही सांगते.
ओडेरा उधारीवर प्रती मागायला आला तेव्हा
मी विजेच्या बिलाशी भांडत होते.
म्हटलं, उद्या ये.
त्याचे चार फोटो अजून ड्रॉवरमध्ये आहेत.
कोट त्या एकालाच जवळजवळ बरोबर बसला होता.

गेल्या महिन्यात एल्डोरेटहून पाकीट आलं.
अचोला, पांढऱ्या गणवेशात, मापात शिवलेल्या.
सवयीनं मी फोटो उलटा केला.
मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं,
'अजून एक चिमटा लावते.'

डबा उघडून मोजले. तीन.
आणि मी वर्षभर ओबुंगाला बोल लावत होते.