तक्रारवही

ऐरोली, सेक्टर आठ. चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं, सात मजले,
आणि पगारी मॅनेजर म्हणून मी, कुंदा घरत.
टेबलावर लांबट वही,
तिला दोरीने बांधलेलं पेन. लोक पेनसुद्धा नेतात.

मला हिरवी खूण करायला फार आवडायचं.
पार्किंगचा स्टिकर, झाला.
जिन्यातला बल्ब, झाला.
डोंगऱ्यांच्या पाटीचा निखळलेला स्क्रू,
झाला, तोही पाटीचा सगळा इतिहास ऐकून.
संध्याकाळी पानभर हिरवळ,
घरी जाताना चाल ऐटीची.
सकाळी पुन्हा चौदा तक्रारी,
जणू रात्री कुणी वहीला पाणी घालून जातं.

घालत होतंच.

घणसोलीचा इसाक प्लंबर डक्टमध्ये उतरला,
अर्ध्या तासाने वर आला, कोपरापर्यंत शेवाळ.
म्हणाला, बाई, फुटका पाईप एकच आहे.
वही तुमची उगाच मोठी आहे.

मग मी वही उलटी वाचली.
पाचशे चारची ओली भिंत,
सातव्या मजल्यावर करंगळीएवढी धार,
लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, म्हणून अडकणारी लिफ्ट,
लिफ्ट अडकली म्हणून जिन्यातली भांडणं,
पंपाचं बिल, डास, बुळबुळीत फरशी,
लोबोबाईंचं प्लास्टरमधलं मनगट.
सगळ्या एकाच तोंडाने बोलत होत्या
आणि मी प्रत्येकीला वेगळं उत्तर देत होते.

तीन दिवस मी फक्त पाईप केला.
कोटेशन, कमिटीच्या सह्या, टँकर, इसाकची दोन पोरं.
फोन खणात. खण दिवसभर घुरघुरत होता.
डोंगऱ्यांची पाटी पुन्हा एका स्क्रूवर लोंबली,
ते रोज येऊन सांगत, कामं तुंबलीत तुमची.
तुंबली होती. मीच तुंबू दिली.
खरं सांगते, हात शिवशिवत होते.
सोपं काम नावानिशी हाक मारतं.
हे मात्र भिंतीच्या आत
गपचूप ठिबकत राहिलं होतं, किती महिने कोण जाणे.

चौथ्या दिवशी एकतीसातल्या एकोणीस ओळी
हात न लावता खोडल्या.
उरलेल्या बारा उरल्याच.
पाटी अजून तिरकी आहे.

रविवारी घरी, फ्रिजवरची यादी.
दळण. गॅसचा नंबर.
आईची औषधं पोचवायची, तो घरी नसेल तेव्हा.
बेलापूर कोर्टाची तारीख, वकिलाचे पैसे.
गणपती यंदाही दोन, म्हणजे मखरंही दोन.
रोहिणीच्या हळदीला उशिरा जायचं,
तो जेवून निघाल्यावर.

पेन उचललं, हिरवंच,
आणि दळणावर खूण करता करता थांबले.
साडेबारा टक्क्यांतला एक भूखंड,
थोरला भाऊ हिराजी,
सहा वर्षं.

दळणाचा डबा दारातच राहिला.
दिवागाव चालत वीस मिनिटं. मला पाऊण तास लागला,
वाटेत एकदा चप्पल नीट केली, एकदा उगाच.
तो ओट्यावर स्कूटर खोलून बसला होता,
हात काळे, शेजारी पाने विखुरलेले.
माझी सावली फरशीवर पडली असावी.
वर न बघता म्हणाला,
दहा नंबरचा दे.

दिला.