ऐंशीला काढली

या शहराला टक्के वाचायची सवय आहे.
ऑगस्टात पेपर उघडला की आधी गंगापूर धरण किती,
मग बाकीचं जग.
धरणसुद्धा काठोकाठ भरू देत नाहीत आधीच,
दार थोडं उचलून ठेवतात,
येणाऱ्या पाण्याला जागा हवी म्हणून.

तरी देवराम भोयेंना पटेना.
"विजेचे पैसे भरताय ना मॅडम,
मग वीस टक्के रिकामी का ठेवायची?"
पाथर्डी फाट्याजवळची आमची सोसायटी,
पार्किंगमधला एकुलता पंधरा अँपिअरचा सॉकेट,
त्यासाठी सेक्रेटरींकडे घातलेले सात हेलपाटे,
आणि माझी गाडी जुन्या बनावटीची:
कुठे थांबायचं ते तिचं तिला कळत नाही.

मी समजावायला गेले.
तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेली,
लिथियम, थरांत शिरणारे आयन, त्यांची दाटी, ताण,
खडू नव्हता म्हणून काचेवरच्या धुळीत बोटाने आकृती.
ते ऐकत राहिले. मग म्हणाले,
"म्हणजे विरळणी."

दिंडोरीच्या बागांत अकरा हंगाम
कात्री चालवली होती त्यांनी.
मणी बाजरीएवढे असतानाच
निम्मेअधिक काढून टाकायचे.
नव्या माणसाचा हात धजत नाही म्हणे,
एवढं आलेलं पीक खाली पाडायला.
"गच्च घड दिसतो भारी.
पण आतले मणी एकमेकांना दाबतात,
एक फुटला की रस सुटतो
आणि घड आतून सडतो. बाहेरून कळत नाही."

मी काच पुसून टाकली.

त्या रात्रीपासून ऐंशी त्यांच्याकडे.
गेटच्या वहीत
दूधवाला, पार्सल, बी-चारचे पाहुणे यांच्या रांगेत
माझी गाडी नोंदली जाऊ लागली:
रात्री २.१०. पांढरी गाडी ८०. काढली.
रात्री ३.३५. ७८. थांबलो.
३.५५. काढली.

मे महिन्यात द्वारका चौकातून तापून आले
की ते बोनेटवर तळहात ठेवायचे,
लेकराचं कपाळ बघावं तसा.
"आत्ता नको. दहाला लावतो."
बॅटरी तिथे नसते, खाली असते,
हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुण्याला जायचं असलं तर शंभर,
पण शंभर होऊन उभी राहायची नाही.
पहाटे साडेपाचला माझी बॅग डिकीत
आणि तेव्हाच नव्याण्णवाचे शंभर:
हे गणित ते कसं जमवायचे कोण जाणे.
मी झोपलेली असायचे.

एकदाच हुकलं.
बदली माणूस आला नाही,
सलग दुसरी पाळी, खुर्चीतच डोळा लागला.
वहीत लिहिलं होतं: १००. माझी चूक.
मी म्हटलं, अहो, एका रात्रीने काही होत नाही.
मी बॅटरीबद्दल बोलत होते.

दिवाळीनंतर सोसायटीने एजन्सी बदलली.
मला नोटीस बोर्डावर कळलं.
कुणी म्हणालं विल्होळीच्या गोदामावर लागलेत,
कुणी म्हणालं गावी गेले, पेठकडे.
फोन नंबर माझ्याकडे नव्हता.
लागलाच नव्हता कधी.

परवा अंबडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये
एका मुलाने लॅपटॉप जोडला, भुवया उंचावल्या.
चार वर्षं, सत्तर हजार किलोमीटर,
बॅटरीचं आरोग्य शहाण्णव.
"मॅडम, सवयी चांगल्या आहेत तुमच्या."

तुमच्या.

मी बिल भरलं. घरी आले. अडीचचा गजर लावला.
डिसेंबरात अडीच वाजता नाशिक किती गार असतं
हे मला साठीत कळलं.
गेटवरचा नवा पोरगा
कानटोपीत हनुवटी खुपसून झोपलेला.
आकडा एक्याऐंशी.
मी आवाज न करता पिन काढते,
वायर गुंडाळते,
त्याला उठवत नाही.