बरणी नंबर दोनशे चौदा

एकतीस वर्षं मी तिला फॉर्मॅलिन पाजलं.
प्राणिशास्त्राच्या तळमजल्यावर, खिडकीपाशी,
बरणी नंबर दोनशे चौदा :
मांटा वागळीचा गर्भ,
आईच्या पोटातून काढलेला, सुपाएवढा,
पंख अंगाभोवती गुंडाळलेले,
रंग चहात बुडवलेल्या खारीसारखा.

दर उन्हाळ्यात झाकणाचं मेण खरवडायचं,
उडून गेलं असेल तेवढं भरायचं.
पारेखसर म्हणत, "शालनबेन, नाक तरी झाका."
कुणाच्या घरी जाताना
आपण तोंड झाकून जातो का?

निवृत्तीला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
मी विचारलं, ही जिवंत कुठे बघायला मिळते?
सगळे हसले.
भाचा हसला नाही. अन्वयने मोबाईल काढला.

लालबागच्या तरणतलावात, एकोणसाठाव्या वर्षी,
झुबेरभाईंनी मला पालथं तरंगायला शिकवलं.
"पाण्याशी भांडू नका, बेन. ते तुमच्याहून मोठं आहे."
तोंडात नळी धरून
तळाच्या निळ्या टाइल्स मोजत
आठ महिने मी नुसता श्वास घेतला.
विश्वामित्रीकाठच्या माणसाला
पाणी म्हणजे मगर.
तेवढं एक विसरायलाच सहा महिने गेले.

मग ते बेट.
नाव सांगत नाही, नाहीतर
दांडियाबाजारातली अख्खी भिशी तिकडे निघेल.

रात्री आठला आम्ही नऊजण एका फळीला धरून,
पालथे, दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखे.
फळीच्या पोटाला दिवा.
दिव्याभोवती आधी धूळ जमली,
मग कळलं, धूळ पोहते आहे.
नवरात्रात मांडवातल्या ट्यूबलाइटखाली
चिलटं जमतात, तशी.
बोटीवरचा पोरगा आधीच बजावून गेलेला :
हात लावायचा नाही.
अंगावर साय असते तिच्या. बोट लागलं की फाटते.

खाली काळोख.
काळोखाची एक घडी उलगडली.

कामाटीबागेत दिवेलागणीला
झाडांवरून वाघळं सुटतात तशी ती आली,
घाई नाही, आवाज नाही.
वाघूळ. वागळी.
शेजारच्या हंसाबेन वागोळ म्हणतात.
समुद्रावरचे कोळी आणि वडाच्या पोटातलं आमचं गाव,
दोघांनी न विचारता जवळजवळ एकच शब्द धरून ठेवला,
आणि मी लेबलावर
एकतीस वर्षं लॅटिन गिरवत बसले.

तोंड उघडं. दिवा आत गेला असं वाटावं, इतकं.
आत काही नव्हतं. दात नाही, राग नाही,
फक्त फटी,
आणि फटींतून निथळून जाणारं पाणी.
माझ्या छातीपासून वीतभरावर ती उलटली,
कोलांटी,
पुन्हा कोलांटी,
पांढरं पोट, पोटावर शाईचे डाग.
डागांवरून ओळखतात म्हणे. प्रत्येकीचे वेगळे.
मास्कमध्ये रडलं तर काच धुरकटते,
म्हणून मी मोजायला लागले :
गळ्याखाली तीन, डावीकडे चार,
एक अर्धा, पुसल्यासारखा...
पुढचा मोजेपर्यंत ती दिव्याबाहेर गेली होती.

परत आल्यावर बडोद्यात सगळे विचारत,
भीती नाही वाटली?
मी हो म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

विभागात आता नवी मुलगी आहे, क्रिमा.
तिने किल्ली दिली.
बरणी दोन्ही हातांनी उचलली, उजेडाला धरली
आणि आयुष्यात पहिल्यांदा
खालून पाहिली.
मिटलेल्या पंखांच्या मधे, फटीत,
एक डाग.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना
मी कधी भरला नव्हता.
पेन मागितलं, लिहिलं :
डाग एक. दिसतो तेवढा.

क्रिमा खांद्यावरून वाचत होती.
तिला म्हटलं, पातळी उतरली आहे बघ, आज भरून टाक.
तिने ओढणी नाकाला लावली.
मग, काय वाटलं कुणास ठाऊक,
खाली घेतली.