वयाचा रकाना

फॅरोच्या दक्षिणेकडच्या बेटावर, भरदुपारी
रिकाम्या थिएटरात मी एकटी.
मांडीवर फॉर्म, थर्मासातली कॉफी गार.
पडद्यावरच्या माणसाने सहावी बाई मारून
हात धुतले, नखांसकट, सावकाश.
फॉर्मवर छापलेलं: बारा, पंधरा, अठरा.
एकच ठेवायचं.

रक्ताचं म्हणाल, तर इथल्या पोरांना काय नवं?
ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या तेव्हा
चौदा वर्षांचा बाइनिर
कोपरापर्यंत लाल, बापाशेजारी उभा होता.
मेंढी आडवी केली की बाप आधी
तिच्या डोळ्यावर तळवा ठेवतो.
कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणतो,
असंच असतं.

आणि इथे कॅमेरा
डोळाच शोधत फिरतो.
दिवा जवळ नेतो. थांबतो.
तिसरीला तर नावही नाही,
शेवटच्या पाटीवर नुसतं: 'लाल कोटवाली'.

बारा खोडलं, ते सोपं होतं.
पंधरा की अठरा, यावर पेन अडलं
ते संध्याकाळच्या बोटीचा भोंगा होईपर्यंत.
मग पंधराही खोडलं. घाईत, शाईने.

बाहेर बाइनिर पोस्टर न्याहाळत उभा,
नखांत अजून काळसर काहीतरी.
"भारी आहे का गं, रान्व्हा?"
"आहे." खोटं कशाला बोलू.
"मला सोडशील?"
"नाही."
खांदे उडवले त्याने. जाता जाता थांबला,
पोस्टरच्या कोपऱ्यात, पाठमोऱ्या लाल कोटावर
बोट ठेवून म्हणाला,
"ही कोण?"

मला सांगता येईना.
वारा खिशातल्या फॉर्मशी झटत होता.