मुदतबाह्य

सत्तावीस हिवाळे मी तळ्यांना भोकं पाडतोय.
विद्यापीठाचा पगार, माझा ड्रिल, थर्मासमधली काळी कॉफी.
मुलं येतात, पाच वर्षं गाळ उपसतात,
डॉक्टर होऊन जातात. एखादा नाताळला कार्ड पाठवतो.

मारेन टोइवोला दोन इमारतींची.
सकाळी टेकडीवर कायदा,
दुपारी माझ्यासोबत बर्फावर.
जाड कोटाच्या खिशात करार कायद्याच्या चिठ्ठ्या;
हातमोजा दातांनी ओढून एकेक वाचायची.
"दोन दगडांवर पाय," मी म्हणालो पहिल्या वर्षी.
"दगड कुठेत, एल्डन? बर्फच आहे सगळा."

सात वर्षं.
तिकडचे म्हणत, ही आमची पाहुणी.
इकडचे म्हणत, ही तिकडची हेर.
तिच्या वर्गातले वकील झाले, घरं घेतली.
हिच्या गाडीचा हीटर अजून
फक्त डाव्या बाजूला चालतो.

गेल्या फेब्रुवारीत उत्तरेला गेलो,
तिच्या गावाशेजारच्या तळ्यावर.
नळी वर आली. आत उभा चिखल,
वर्षावर वर्ष,
आणि हातभर खाली एक राखाडी पट्टा, बोटाएवढा.
"कागदाची गिरणी," ती म्हणाली. "एकाहत्तर. बहात्तरही असेल."

मग ठोक की खटला, मी म्हटलं,
शिकतेस कशाला?
तिने बाहीने नाक पुसलं.
"मुदत संपली.
मी जन्मायच्या आधीच."
नळीला बूच लावलं, तारीख लिहिली.
शाई गोठली होती, पेन काखेत धरून पुन्हा लिहिली.

परतताना पेट्रोल पंपावर
अर्धं सँडविच कागदात गुंडाळत तिने सांगितलं:
त्या साली रात्रपाळीला झडपेची किल्ली
आजोबांकडे असायची.
नोंदवहीत सह्या आहेत. रोजच्या.
नावातला टी ती अजून तसाच काढते,
वरची रेघ जरा लांब.

मी हीटरची कळ फिरवली.
माझ्या बाजूला काही झालं नाही.

मेमध्ये प्रबंध आला.
तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या म्हणे, घरच्या गोष्टी काढ.
टेकडीवरचे म्हातारे प्राध्यापक म्हणाले,
साक्षीदाराने आपलं नातं आधी सांगावं.
पान दोनशे बारा, बारीक अक्षरात:
झडप उघडणारा, आर्व्हो टोइवोला, लेखिकेचे आजोबा.

तळटीप.
आमच्या धंद्यात काय ते तळालाच सापडतं.

आभारात माझंही नाव आहे,
एका एल-ची चूक करून.
पातं बोथट झालंय, आज धार लावायची आहे.
सोमवारी नवा मुलगा येतोय.
एकच पदवी करतोय म्हणतो.